अक्काच्या नावापुढची खूण

...न्हाई, पण मला सांगा, ज्याची आठवी दोनदा बुडाली त्याला कुणी विचारतं का, की बाबा, मासिकाचा संपादक कोण ठेवायचा? मला विचारलं! तुम्हाला सांगतो, मी सापाला भेत न्हाई, अर्धापुरात भर उन्हात गाडीवर उभा राहून केळीचे घड रचतो, पण त्या दिवशी एका चौकोनाला भेलो. हरभऱ्याएवढा चौकोन, आत बरोबरची खूण. दाबली की जाते. आन दाबलं आन गेली तर?

थांबा, नीट सांगतो. माझी अक्का, सिंधु, नांदेडला कॉलेजात शिकवायची. शेतीवरच्या शोधनिबंधांचं एक मासिक होतं त्यांचं, कागदावर न्हाई, नेटवर. लेख कुणी पाठवायचा, कुणी तपासायचा, कुणाला दारातच थांबवायचं, सगळ्या चाव्या तिच्या एकटीकडं. दोन महिन्यांमागं ताप आला. चार दिवस. पाचव्या दिवशी... जाऊ द्या. तेरावं झालं आन चौदाव्या दिवशी तिचे साहेब, शरदचंद्र सर, दारात. मायजवळ बसले, अर्धा चहा ठेवला, आन हळूच म्हणले, "शिवम, मॅडमच्या लॅपटॉपशिवाय अंक निघत नाही रे. पासवर्ड त्यातच आहे."

आता लॅपटॉप कुणाच्या हातात द्यायचा न्हाई हे माझं सुतकातच ठरलेलं. त्याच्या कडंला तिची टिकली हाय, आरशाला लावतात तशी. म्हणलं, सर, तुम्ही सांगा, मी दाबतो. इथंच चुकलं.

उघडलं तर नावांची ही लांब यादी, हर नावापुढं कामांचे चौकोन! सर समजावून राहिले, मॅनेजर म्हणजे मालक, एडिटर म्हणजे मुकादम, ऑथर म्हणजे लिहिणारा, त्याला फक्त आपलाच लेख दिसतो, आन रिव्ह्यूअर म्हणजे माल तपासणारा, पण माल कुणाचा ते त्याला कळू द्यायचं न्हाई. म्हणलं, सर, आमच्या केळीच्या बाजारात असं करा की, निम्मी भांडणं मिटतील. सर हसले न्हाईत.

मंग म्हणले, नवा माणूस जोड. जोडला. नाव विचारलं, मी माझं टाकलं. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? आमच्याकडं गाडी भरली की पावतीवर भरणाऱ्याचं नाव लागतं, उद्या माल काळा पडला तर कुणाला धरायचं? खाली विचारलं, कशातलं कळतं, लिहिलं केळी. त्याखाली चौकोन, माल तपासणारा दिसला, हे तर आपलंच काम, केली खूण. सरांनी कपाळाला हात लावला, अरे माझं नाव टाकायचं होतं! मंग त्यांचंबी टाकलं. एडिटर, मॅनेजर, सगळ्या चाव्या दिल्या.

"आता मॅडमच्या नावापुढच्या खुणा काढ."

बोट वर गेलं आन तिथंच राह्यलं. म्हणलं, काढल्यावर काय होतं? म्हणले, अधिकार जातो. आन नाव? जुन्या अंकांवरचं?

"नाव राहतं... बहुतेक."

बहुतेक! तुम्हाला सांगतो, चौथ्या दिवशी डॉक्टरबी हेच म्हणला होता, ताप उतरंल बहुतेक. रेशनकार्डावरून तिचं नाव मीच कमी केलं, मतदार यादीचा फॉर्म मीच भरला, आणखी किती ठिकाणी मीच पुसायची तिला? दाबलं आन गेली तर?

म्हणलं, निघंना सर. दाबून राहिलो, निघंना. एकदाबी दाबलं नव्हतं. मायनं माझ्या बोटाकडं पाह्यलं, आन सरांना म्हणली, "जुनं मशीन हाय, राहू द्या की." दोन वर्षांचं मशीन!

सर गेले. सुटलो म्हणलं. सहाव्या दिवशी गाडी भरून राहिलो, खिशातला फोन वाजला. मेल. पाठवणारी कोण? अक्का! तुम्हाला सांगतो, घडासकट खाली बसलो. लिहिलेलं, "माननीय शिवम, आपल्याकडे एक लेख तपासणीसाठी दिला आहे. आपल्या अभिप्रायाची वाट पाहत आहे. आपली, सिंधु." फोन केळीच्या पाल्यात फेकला. मंग पाल्यात हात घालून घालून हुडकला, आन सरांना लावला. ते खजील झाले. केळीच्या करपा रोगावर लेख आला होता, यादीत तपासणारा शोधला, केळीपुढं माझं एकट्याचं नाव, न बघताच दिला. आन चिठ्ठ्या म्हणे आपोआप जातात, मजकूर अक्कानंच लिहून ठेवलाय, आन तिची खूण निघाली न्हाई म्हणून खाली नावबी तिचंच. अभिप्राय येईपर्यंत दर तिसऱ्या दिवशी एक. आला की बंद.

लेख वाचला मी. चार दिवस बोट ठेवून ठेवून वाचला. करप्याचा म्हणून जो फोटो लावलाय, ते थंडीनं पिवळं पडलेलं पान हाय, अर्धापुरातलं शेंबडं पोरगंबी सांगंल. दोन ओळींचं काम. लिहायला बसलो, पाठवायच्या बटणावर बोट नेलं... आन दाबलं आन गेली तर?

आतापर्यंत नऊ आल्या. पहिल्या तीनला भेलो, आता तिसरा दिवस चुकतो की काय म्हणून भेतो. काल सरांचा फोन, लेखक मागं लागलाय, दोन ओळी लिही ना बाबा. म्हणलं, सर, घाई करू नका, अभ्यास चालू हाय. जिती होती तोवर अक्का मागं लागायची, शिवम, अभ्यास कर, अभ्यास कर. घ्या! आता बसलोय अभ्यासाला, आन तो संपवायची हिंमत न्हाई.