चढणीचे मासे

—नको, ती खुर्ची नको, तिचा एक पाय माझ्या पायासारखाच झालाय, तुम्ही आपले बाकावर बसा. येतील परशुराम. सकाळचे नदीवर गेलेत, पावसाळ्यात ते नदीवरच असतात, घर म्हणजे नुसतं जेवणापुरतं. फोन? फोन त्या फळीवर आहे, तो कधी त्यांच्याबरोबर जातो? तुम्ही ओंकार ना? सरपंच म्हणाले होते, जंगलातल्या पार्काच्या ऑफिसातून माणूस येणार, नदीचा आराखडा नव्याने करायचाय म्हणून. आता मासे वाढलेत तर तो तांबडा पट्टा थोडा आखूड करूया का, हेच विचारायला आलात ना? मग ते काय म्हणतील ते मीच सांगते — नाही म्हणतील. पण तुम्ही विचारा बापडे, एवढ्या लांब आलात. घावणे खाता ना? बघा, विचारते काय, खायचेच आहेत.

मी? मी त्यांची वयनी, मथुरा. थोरल्या भावाची बायको. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. हे माझं घर, तो मधला दगडांचा गडगा, आणि पलीकडे परशुरामांचं. ते एकटेच. लग्न नाही केलं. का ते मला काय माहीत — म्हणजे स्थळं येत होती, मसुऱ्याची एक तर चांगली मास्तरीण होती — जाऊदे, नदीचं बोलूया. तुम्हाला चढण ठाऊक आहे? नदी फुगली की मासे खालून वर चढतात, पाण्याच्या उलटे, पोटात गाभोळी घेऊन. वर पार्कातल्या थंड पाण्यात अंडी घालायची म्हणून. आणि गाव काय करायचं? पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन वाटेतच उभं राहायचं. आमचे हे आणि परशुराम, दोघं भाऊ जांभळीच्या कोंडावर, तिथे खोल डोह आहे, पाग टाकायचे आणि सगळ्या वाडीत मासे वाटायचे. विकायचे नाहीत हां, वाटायचे. चढणीचे मासे विकले तर कोंड रुसतो म्हणायचे.

मग ती नम्रता मॅडम आली, तुमच्या आधीची. मालवणकडची पोरगी, पायात चप्पल राहायची नाही, सगळी नदी तिने भिजून बघितली. मग देवळाच्या मांडवात नकाशा लावला — इथे हिरवं, इथे जा-ये करा, गुरं पाजा, कपडे धुवा, इथे पिवळं, पर्यटक आले तर एवढेच, आणि जांभळीच्या कोंडापासून साकवापर्यंत, त्या छोट्या पुलापर्यंत, तांबडं. तांबडं म्हणजे पावसाळ्यात कोणी पाय घालायचा नाही, पाग तर नाहीच. म्हणाली, मासे संपत आलेत, अंडी घालायला वर पोचतच नाहीत. तेव्हा सरपंच उठले, निलेश, बोलण्यात हुशार आहेत. म्हणाले, संपले कुठे मॅडम? आमचे परशुराम दरवर्षी घरोघर चढणीचे मासे देतात, विचारा कोणालाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, सगळ्यांनी खाल्लेले ना! आणि सगळे वळून परशुरामांकडे बघायला लागले. ते खांबाला टेकून बसलेले, चपलांकडे बघत. झालं — मॅडमनी नकाशा गुंडाळला, म्हणाली पुढच्या सभेत ठरवू. गाव खूश. सभा जिंकली म्हणजे काय कमी झालं!

पण मॅडम चिकाटीची. परशुरामांना म्हणाली, मला चढण दाखवा. नाही कसं म्हणणार? पाणी भरल्यावर दोघं कोंडावर जाऊन बसले, एका छत्रीत. फुगलेलं सगळं पाणी ओसरलं हो, आणि पागात आले चार मळये मासे, बोटाएवढे. ती इथेच जेवली, आमटी मागून घेतली, गेली. परशुराम जेवले नाहीत. या बाकावरच बसले होते, तुम्ही बसलात तिथेच. मी भांडी घासता घासता म्हटलं, "भावजी, गाभोळी नसलेलो मासो माका कधीच कळलो हां."

वर बघितलं त्यांनी. "कधीपासून?"

"पयल्याच वर्सापासून."

"मगे बोलूक नाय तां?"

"तुमी हाडीत रवलात, मी शिजयत रवलंय."

आता तुम्ही म्हणाल, ते आणत राहिले, मी शिजवत राहिले, काय ही कोडी — नाही, कोडं कसलं, सरळ गोष्ट आहे. ते मासे नदीचे नव्हतेच! बैलाचं औषध आणतो म्हणून सांगून हा माणूस एसटीने घाट चढून वर जायचा, तिथल्या तलावातले मासे विकत घ्यायचा, गोणपाटात गुंडाळून भिजत खाली यायचा आणि पहाटे पाग खांद्यावर टाकून वाडीत वाटत फिरायचा. बैल तर कधीच विकलेला! मासे साफ करते मी, मला कळणार नाही? सगळे एका मापाचे, गुबगुबीत, आणि पोटात गाभोळी नाही. चढणीच्या माशात गाभोळी नाही म्हणजे लग्नात नवरी नाही.

का म्हणजे? मोठेपणासाठी, असंच वाटतं ना? मलाही पुढेपुढे तसंच वाटलं असेल. पण पहिल्या वर्षीचं मला आठवतं. हे गेले त्यानंतरची पहिली चढण. परशुराम एकटेच कोंडावर गेले. मी इथे दारात बसलेली, विळी मांडून, मीठ-हळद काढून — सवयीने हो, दुसरं काय. ते गडग्याशी आले, हात रिकामे. माझ्याकडे बघितलं, विळीकडे बघितलं, आणि तसेच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी मासे घेऊन आले. "वयनी, ह्ये घे, ताजे आसत." आता मला एकटीला दिले तर लोक काय म्हणतील? म्हणून मग सगळ्या वाडीला द्यायला लागले. एकदा वाटले की पुढच्या वर्षी कसे चुकवणार...

घ्या ना, रस घ्या, नारळाचा आहे. कोरडे काय खाता.

तर दुसरी सभा. निलेश परत तेच बोलले. आणि परशुराम उभे राहिले. हा माणूस सभेत कधी उभा राहिलेला नाही, हात कुठे ठेवायचे तेसुद्धा त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, "आयका. मी वाटलेले मासे ह्या नदीचे नाय. घाटावरसून इकत हाडलेलंय. नदीत मासे नाय. जे होते, ते आमीच गाभोळीसकट खाल्लव." आणि बसले. मग सरला म्हातारी म्हणाली, तरीच म्हटलं काटे कमी कसे लागतात! आणि जो काय हशा पिकला — बायका पदर तोंडाला लावून, पुरुष मांडीवर थाप मारून. मी नाही हसले. मला ते हसू आवडलं नाही. पण खरं सांगते, त्या हशातच नकाशा पास झाला. निलेशसुद्धा हात वर करून मोकळे.

नंतर पुष्कळ दिवस पोरं त्यांना 'घाटावरचो मासो' म्हणायची. ऐकून घ्यायचे आणि नदीवर जाऊन बसायचे. तिथेच राखणीचं ठरलं. कोणी नेमलं नाही, आपणच बसले. सख्ख्या चुलत भावाचा पाग काढून घेतला, विचारा गावात. आणि या वर्षी — अहो काय सांगू, साकवाखाली पाणी नुसतं खवळलेलं, खडस मासे हातभर उड्या मारतायत, खडकावर आपटतायत, परत पडतायत, परत उडी — आणि परशुराम माझ्याकडे बघून असे हसले, पोरासारखे, दात पण राहिले नाहीत तरी —

हो, मी होते ना. म्हणजे साकवावरून बघितलं. साकव पट्ट्यात येत नाही. येतो? बरं, मग खाली उतरले नाही असं लिहा. थोडीशी उतरले, दगड निसरडे म्हणून त्यांनी हात धरलेला, तेवढंच. ते कशाला लिहिता, त्याचा आराखड्याशी काय संबंध?

आता? आता जूनमध्ये ते मासे आणत नाहीत. रिकाम्या हाताने येतात, गडगा ओलांडून, आणि बसतात. मी भाजी-भाकरी करते. लोक बोलतात, बोलूदेत, या वयात लोकांचं काय —

थांबा. फाटक वाजलं.

तेच. खोकला ओळखते मी. तुम्ही तुमचा नकाशा काढा, पट्ट्याचं काय ते विचारा. बाकी आपण काही बोललो नाही. मी आमटी गरम करते.