फळीचं पुढचं टोक

हॅलो?… हॅलो, दत्ताराम भावजी? मी विमला, तारकर्लीची. तुमच्या धाकट्या भावाची… हां, हां, मीच. मालवणच्या पोस्टातसून बोलतंय.

नाय, नाय, मामंजी बरे आसत. ह्येंच्या, तुमच्या भावाच्या, कपाळाक लागला… तुमच्या त्या फळयेन, आणि कशान? सिडनीक गोरे लाटांवर फळी घालून उभे रवतत म्हणान तुमीच नाद लावलात मां?

आयकून तर घेवा… हो, शुद्धीर आसत. पट्टी बांधून घराकडे बसलेले आसत. पण आज भरती लागली काय परत जातलंय म्हणतत. माझा आयकनत नाय.

काय?… नाय हो, सुताराची चूक नाय. तुमी सांगलात तशीच केल्यान. एक टोक रुंद, वर उचललेला. दुसरा निमुळता, खाली माशाच्या परासारखा बारीक फळकूट… हां, ताच.

कसे पडले?… लाट मागसून इली काय फळी पाण्यात नाक खुपसता. नायतर गर्रकन आडवी फिरता. काल हे खाली गेले ते वर येयनात… मी किनाऱ्यार होतंय, भावजी.

खयचा टोक फुडे म्हणजे?… निमुळता. होडयेची नाळ फुडे निमुळतीच आसता मां?… काय?… मोठ्यान बोला, खरखरता… रुंद फुडे? उचललेला? आणि ता फळकूट मागे, सुकाणासारखा?

अरे देवा. म्हणजे उलटीच न्हेतत.

नाय, भावजी, नुसती फिरवन भागाचा नाय. मामंजींनी निमुळत्या टोकाक कुंकू लावन नारळ फोडलो. नारळ फोडलो ताच टोक फुडे, आता बदलाचा नाय, म्हणतत… मी सांगू तेंका? सून होवन?

हां… हां… तुमचा नाव घेवन सांगतंय… मास्तर, एक मिनिट थांबा ना, झालंच…

भावजी, आयकतात मां? नाय मानले तर त्या फळयेवरचा कुंकू मीच पुसतंय. माझ्या कपाळावरचा रवाक होया.

हॅलो?… हॅलो?…

मास्तर, लाइन गेली. नको, परत नका लावू. भरतीच्या आधी घरी पोचायला हवं मला.