दोन कागदांवरचा एक प्रश्न

दवाखान्याच्या खिडकीमागे नर्सबाई फाइल शोधत होत्या, पण कान बाकाकडे होते. तिथे सर्वेक्षणासाठी मतं गोळा करणारी एक मुलगी वाट पाहणाऱ्या बाईंना गाठून बसली होती. बाईंची लेक शेजारीच नखं खात होती.

“काकू, पोटातलं बाळ मारायला कायद्यानं मुभा द्यावी का?”

“अगं बाई, काहीतरीच! नाही लिही.”

“बरं. बाईला गर्भ ठेवायचा नसेल, तर तिनं डॉक्टरांशी बोलून ठरवावं का?”

“तिचं तिनंच ठरवायचं ना गं? हो लिही.”

“अय्या, चुकलंच माझं. प्रश्न एकच आहे, काकू, नुसते शब्द वेगळे. निम्म्यांना या कागदावरून विचारायचं, निम्म्यांना त्या. मी घाईत दोन्ही वाचले.”

“मग माझं मत कुठलं धरणार?”

“तुम्हीच सांगा.”

“आई...”

“काय गं? पित्तानं एवढा चेहरा उतरतो होय?”

“पहिलं बोललीस, तेच खरं का गं?”

बाई लेकीकडे बघतच राहिल्या.

नर्सबाईंनी नाव न घेता लेकीचा नुसता नंबर पुकारला.

“पोरी, माझं काहीच लिहू नकोस,” बाई कागदवालीला म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. “मी आत येऊ, की इथेच थांबू? तू म्हणशील तसं.”

“ये.”