जुन्या कोटाची पाखरं

—अहो, आणा इकडे, उजेडात धरा जरा — माझीच आहे ही माळ, यात विचारायचं काय? स्वतःच्या हातची टीप माणूस डोळे गेले तरी बोटांनी ओळखतो. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिथं कात्रणं आहेत, इथं पलंगावर बसा. जुन्या कपड्यांच्या दुकानातल्या बाईंनी पत्ता दिला म्हणालात — त्या चष्मेवाल्या? देणारच. मी जाते ना त्यांच्याकडे आठ-पंधरा दिवसांनी. कुणाचे विटलेले पडदे, कुणाचे फ्लॅनेलचे शर्ट, एक बाही फाटलेला स्वेटर — त्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. माळ बघितल्याबरोबर म्हणाल्या असतील, हे त्या म्हाताऱ्या बाईंचंच काम. आणि ही — ही मीच दिली होती दुकानात. हो. घरात फार झाल्या होत्या, म्हटलं, लागेल कुणाच्या तरी खिडकीला. बघू, कुठं उसवलीय? हां, हे तिसरं पाखरू. पोटाशी गेलंय. दहा मिनिटांचं काम, बसल्या बसल्या करून देते. घाई नाही ना? नाही ना — बरं झालं.

काय बघताय, भिंतीकडे? अहो, सगळं चिंध्यांचंच आहे. सव्वीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कॉलरी बसवल्या मी, दिवसभर तेच, पांढरी कॉलर, निळी कॉलर — मग घरी आल्यावर वाटायचं, काहीतरी वेडंवाकडं शिवावं, जे कुणी मोजून बघणार नाही. उन्हाळा आला की त्या खिडकीला जुन्या ओढण्यांच्या झालरी लावते, वारा आला की घर कसं हलतं. पानगळीला पानं करते, तपकिरी, गेरूच्या रंगाची, एकेका पानाला आतून शिरा, धावदोऱ्यानं. आणि थंडीत सगळं जाड — दाराच्या फटीला कापडाची वळकटी, उशांना लोकरीचे अभ्रे, खुर्च्यांच्या पाठींना गोधडीचे तुकडे. घर उबेला आलं पाहिजे. कुणी म्हणेल, एकट्या बाईला कशाला हा सोस? मग एकटीनं काय चार भिंतींकडे तशाच बघत बसायचं? निदान भिंती तरी कपडे बदलू देत. दुसरं कोण बदलतंय इथं. गेल्या दीड महिन्यात या पलंगावर बसलेल्या तुम्हीच — म्हणजे, येतात की लोक. गॅसवाला येतो. येतात.

नाही, मुलगा आहे ना. इथंच आहे, बसनं अर्धा तास. सून आहे, सहा वर्षांची नात आहे, तिला आम्ही चिमणी म्हणतो. त्यांच्याही घरी पाठवते मी, दर ऋतूला एक, कधी चुकवलं नाही. सूनबाई स्वभावानं वाईट नाही हो. उगाच खोटं कशाला बोलू? आल्या-गेल्याशी गोड, आई आई करते. पण तुम्हीच सांगा — पानगळीच्या वेळी मी त्या दुकानात गेले, पडदे बघायला, आणि समोर खुंटीला माझी पानांची माळ! मीच केलेली, मीच पाठवलेली, तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. चष्मेवाल्या बाई म्हणतात, 'एक बाई आणून देतात अधूनमधून, इतकी सुंदर असतात की लगेच जातात.' अधूनमधून! म्हणजे झालरीसुद्धा. उशांचे अभ्रेसुद्धा. विकत घेतली, पिशवीत घातली, घरी आले, आणि ती माळ मांडीवर घेऊन फोन लावला. म्हटलं, 'काय गं, पानं लावलीस का?' ती म्हणते, 'हो आई, हॉलमध्ये लावलीयत, फार छान दिसतात.' आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, 'मग फोटो पाठव ना एक.'

पाठवते कुठला. मागे चिमणीचा टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणाली, आई, दूध उतू जातंय, आणि ठेवला. मला वाटलं होतं, पकडलं की बरं वाटेल. सुई टोचल्यासारखं झालं, आणि टोचून घेणारीही मीच.

ह्या पाखराचं पोट आधी मोकळं करावं लागेल, आतला कापूस गोळा झालाय — कापूस कुठला, मोज्यांची कात्रणं. थांबा, कात्री.

तर मग मुलगा आला, रविवारी, एकटाच. उभ्यानंच बोलायला लागला. म्हणाला, 'आई, तुला सांगितलं होतं मी. चिमणीला धाप लागते. डॉक्टर म्हणाले, घरात जुनं कापड नको, लोकर नको, धूळ धरणारं काहीच नको. आम्ही पडदेसुद्धा काढलेत गं.' सांगितलं होतं का? म्हणजे — सांगितलं होतं. उन्हाळ्यात सांगितलं होतं. पण असं सांगितलं नव्हतं ना, असं उभं राहून! जाता जाता सांगितलं होतं, चपला घालताना. आणि मला काय वाटलं, सूनबाईला आपल्या चिंध्या नकोत, म्हणून डॉक्टरचं नाव पुढे केलंय. दुकानातली नवी कोरी वस्तू आणली असती तर कुठला डॉक्टर आडवा आला असता? तसं बोलूनही दाखवलं मी त्याला. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो म्हणाला, 'तुझं मन मोडू नये म्हणून ती घेते, आणि मग देऊन टाकते. फेकत नाही, आई. फेकायला तिचा हात होत नाही.' मी म्हटलं, माझं कापड तीन-तीनदा उकळत्या पाण्यातून काढलेलं असतं, सांग तुझ्या डॉक्टरला.

मग थंडी आली. आता पाखरं करायचीच होती, चिमणीला शब्दच दिला होता — चिमणीसाठी सात चिमण्या. हो, हीच. हीच ती. दुकानात मी दिली म्हटलं मघाशी, ते — जाऊ द्या. मी नव्हती दिली. पाठवली असती तर परस्पर दुकानातच गेली असती, म्हणून मी स्वतः घेऊन गेले. दुपारची, सूनबाई कामावर असताना. शेजारणीकडे किल्ली असते. चिमणीच्या पलंगावर, उशाशी, अशी लावली. शाळेतून आली तर नाचायलाच लागली हो पोर! एकेकाला नाव ठेवलं, आणि सगळी खाली घेऊन, अशी गालाला लावून, कुशीत घेऊन झोपली. मी बघत बसले. इतकं बरं वाटलं — काय सांगू. म्हटलं, बघा, काही होत नाही.

चार वाजता खोकायला लागली. थंडीत मुलं खोकतातच की. मी पाणी दिलं, पाठ चोळली, स्वेटर घातला. आणि माळ पुन्हा जवळ दिली, रडू नये म्हणून. पाच वाजता सूनबाई आली, तिनं दारातूनच तो आवाज ऐकला. पोरीला उचललं, पंप शोधला, रिक्षा बोलावली. मीही जिन्यापर्यंत धावले, तर तिनं नुसता हात केला, असा, थांबा म्हणून. दोन दिवस दवाखान्यात होती चिमणी. नाकाला ते लावलेलं. आता बरी आहे. मुलगा फोन करतो, रविवारी, बरी आहे म्हणतो, ठेवतो. तिला फोनवर द्या म्हणायची माझी छाती होत नाही.

आणि एवढं होऊनसुद्धा ही माळ तिनं फेकली नाही बघा. दुकानात नेऊन दिली. मला आत्ता, तुम्ही पिशवीतून काढलीत तेव्हा कळलं.

हे बघा. दिसतंय? पोट उसवल्याबरोबर काय उडतंय ते. उन्हात बघा, खिडकीच्या या पट्ट्यात — केवढं बारीक, आणि थांबतच नाही. एवढंसं पाखरू. अशी सात. नाकाशी धरून झोपली होती ती.

धुतलं नव्हतं मी. बाकीचं धुते, शपथेवर सांगते, बाकीचं सगळं धुते. हे नाही धुतलं. ही पाखरं ज्या कोटाची, तो दुकानातला नाही, ह्यांचा आहे. अकरा वर्षं कपाटात होता. लोकरीचा कोट पाण्यात घातला की आटतो, हे खरं, पण ते कारण नव्हतं. कॉलरीला अजून वास होता. तंबाखूचा, केसांच्या तेलाचा. म्हटलं, पोरीनं आजोबांना बघितलं नाही, निदान वास तरी — काय अक्कल म्हणायची ही! नुसता झटकला गॅलरीत, दोनदा, आणि कापला. आणि मुलाला तोंड वर करून सांगितलं, तीनदा उकळते म्हणून.

नाही, नाही, परत नको मला. तुम्ही घेतलीय, तुमची आहे. शिवून झालं, ही गाठ मारली की झालं. फक्त एक सांगा — आधीच विचारायला हवं होतं — तुमच्या घरी कुणाला धाप लागते? लहान मूल, म्हातारं माणूस? खरं सांगा हं, माझ्या मनाचा विचार करू नका.

कुणीच नाही? एकट्याच राहता.

बरं. मग लावा. आधी चार दिवस कडक उन्हात टाका, काठीनं चांगली बडवा, काही होत नाही तिला. घ्या. नाही, काही द्यायचं नाही. चहाही नको आता, पुन्हा कधीतरी. निघा तुम्ही. दार नुसतं लोटा, मी लावते मागून. अहो, उभ्या का राहिलात? जा ना.