लाल गाडी अन् वारंटीचे तीस दिवस

नाई पन मले एक सांगा, ज्या मानसानं चौतीस वर्षांत पोरीचं नाव काय ठेवाचं हे मले इचारलं नाई, घराले रंग कोनता माराचा हे इचारलं नाई, अन् हे लाल गाडी घेतली तवा तर सही ठोकून आल्यावर सांगतलं, त्या मानसानं शोरूमच्या मधात, त्या गार एसीत, टाय बांधलेल्या पाच-सहा पोरायच्या देखत एकदम माह्याकडं मान फिरवून म्हनावं, "अवं, वारंटी वाढवून घ्याची का नाई घ्याची, तू सांग!"... हे काय वागनं झालं? तू सांग! म्हनजे उद्या बिघडली तर बोट कोनाकडं? माह्याकडं!

तुमाले आमचे हे माहीत नसतीन तर सांगते. आमचे पंजाबराव. वाशीमजवळच्या अनसिंगचेच. एकतीस वर्ष यष्टीचे डायवर, एक खरचटा नाई गाडीले, भिंतीवर प्रमानपत्र हाये. आता झालं असं का रस्त्याले लागून आमचा प्लॉट होता, तो सडकेत गेला, त्याचा पैसा आला. घर बांधलं, धम्मदीपा म्हनजे आमची पोरगी, पुन्याले नोकरीले हाये, तिचं तिले देल्लं, अन् उरलेलं, हे म्हने, माहं. मी म्हटलं असू द्या बापा, तुमचं तर तुमचं, जिंदगीभर दुसऱ्याची गाडी चालवली, घ्या एखादी. मले वाटलं सात-आठ सीटची घेतीन, लगनाले जाऊ, नात्यातले म्हतारे दवाखान्यात नेऊ... अन् आनली कोनती? दोन सीटची! दोन दारं, दोन सीट, बटन दाबलं का छत उठून मांगं जाऊन बसते, अन् उंची एवढी का आमच्या गोऱ्ह्याच्या पोटाखालून निंघून जाईन! मी इचारलं, "अवो, एवढ्या पैशात दोनच सीट? बाकीच्या कंपनीनं ठेवून घेतल्या का?" तर कसे म्हनतेत, "एकतीस वर्ष लोकं चढले. मांगं सरका, अजून सरका, दार लावा म्हटलं का अजून चार चढले. आता कोनी चढनार नाई. जागाच नाई ना!"

घ्या! मानसानं गाडी कायले घेतली? कोनी बसू नये म्हनून!

अन् तुमी म्हनसान, मंग त्या दुसऱ्या सीटवर लिलाबाई बसत असन. हाव! माह्या नशिबात कुठली सीट? तिथं बसते कंडक्टर! हासू नका, खरं सांगते. दौलतसिंगभाऊ, पोहरादेवीकडचे, बावीस वर्ष यायच्या संग एकाच गाडीवर. दोघंही रिटायर झाले, पन सकाळी आठ वाजले का दौलतसिंगभाऊ ड्युटीवर हजर. खाली वाकतेत, सीटवर बसतेत, दार असं आपटतेत का माह्या मांडनीवरच्या ताटल्या वाजतेत, अन् म्हनतेत, "चलाऽऽ!" मंग दोघं चाळीसच्या स्पीडनं रिंगन मारून येतेत. गाडी जाते म्हने अडीचशेनं! हे चालवतेत चाळीसनं! सायकलवाला पोरगा ओवरटेक करून मांगं वळून पाह्यते का बंद तर नाई पडली.

तर थे वारंटीचं. शोरूममधला पोरगा होता, अनुप नावाचा, केस असे उभे, बोलनं असं गोड का च्यात साखर नको वाटावी. "काकू, कंपनीची वारंटी तीन वर्ष हायेच. पन आपन एक्स्टेंडेड घेतली ना, तर अजून दोन वर्ष टेन्शनच नाई. गोल्ड हाये, प्लॅटिनम हाये. तीस दिवसांत घ्याची बस, मंग भाव वाढून जाते." मी म्हटलं, बापू, गाडी अजून तुह्या दारातून बाहेर निंघाची हाये, अन् तू आताच सांगून राह्यला का बिघडन? सोयरीक जमवाले आलेला मानूस कधी म्हनते का, पोरगा लाखात एक हाये, पन चौथ्या वर्षी बिघडला तर काई रक्कम आताच भरून ठेवा? पोरगं हासलं. हे नाई हासले. हे म्हने, "तू सांग."

बरं, घरी आलो, गाडी मांगून शोरूमच्या मानसानं आनून देल्ली. मले वाटलं इसरले. कायचं इसरतेत! सकाळी च्याचा कप ठेवला का बाजूले थे चकचकीत पुस्तक. "काय ठरवलं? तू सांग." जेवाले बसले का "पंचवीस दिवस राह्यले. तू सांग." मी भाजीत मीठ टाकू का वारंटीचा इचार करू?

मंग मी लोकायले इचारत फिरली. शेजारच्या गोजराबाईले इचारलं. ते म्हने, "लिलाबाई, घेऊच नको. माह्या मिक्सरची दोन वर्षांची वारंटी होती, कागद मी तांदळाच्या डब्यात जपून ठेवला. दोन वर्ष मिक्सर असा चालला, असा चालला... अन् वारंटी सरल्याच्या तिसऱ्या दिवशी फटाक! त्याले तारीख समजते माय!" आता हे घ्याच्या बाजूनं झालं का नाई घ्याच्या? मले तर अजून समजलं नाई. दौलतसिंगभाऊले इचारलं तर त्यायनं डोळे मिटले, "घ्या वहिनी. प्लॅटिनम घ्या." मी म्हटलं, काहून? तर म्हनतेत, "नाव चांगलं हाये."

शेवटी धम्मदीपाले फोन लावला. त्या पुस्तकाचे सगळे फोटो पाठवले. तिनं रविवारी बसून अक्षर न् अक्षर वाचलं अन् मले समजावून सांगतलं. म्हने, "आई, उंदरानं वायर कुरतडली तर भेटत नाई. गाडीचं पोट खड्ड्यात घासलं तर नाई. टायर नाई, काच नाई, ब्रेकचे पॅड नाई, सीटचं कातडं नाई." मी म्हटलं, अवं मंग भेटते काय? "इंजिन अन् गिअरबॉक्स." अवं पन तुहा बाप चाळीसच्या वर जात नाई! थे इंजिन त्यायच्या हाताखाली झोपलेलं हाये, घोरून राह्यलं! म्हनजे जे आमच्या गावात बिघडते थे यायच्या कागदात नाई, अन् जे कागदात हाये थे आमच्या गावात बिघडत नाई!

झालं. अठ्ठाविसाव्या दिवशी मी फैसला देल्ला. च्याचा कप ठेवला अन् सांगतलं, "नाई घ्याची." हे कसे म्हनले? "बरं." बस. बरं! मले वाटलं भांडतीन, काहून म्हनून इचारतीन... नाई. उठले, गाडी धुतली, पुसली, अन् तिच्यावर कव्हर टाकून देल्लं. दुसऱ्या दिवशी दौलतसिंगभाऊ आठ वाजता आले, कव्हर पाह्यलं, ओट्यावर घडीभर बसले अन् पायीच माघारी गेले. हे दिवसभर पेपर पाह्यत. तोच पेपर. एकच पान. मी म्हटलं, लिलाबाई, हे काय करून ठेवलं तुवा? मानसानं पयल्यांदा तुले इचारलं अन् तू त्याचं मन मोडून ठेवलं?

तिसावा दिवस. शेवटचा. सहा वाजेलोक मुदत. मी जेवन उरकलं, चांगलं लुगडं नेसली अन् म्हटलं, "उठा. मले वाशीमले बाजारात घेऊन चला. याच गाडीत." त्यायनं माह्याकडं असं पाह्यलं का जसं मी फुकट पासवर बसाले मांगून राह्यली. पन उठले. कव्हर काढलं.

आता त्या गाडीत बसत नसतेत बरं का, त्या गाडीत उतरतेत, इहिरीत उतरल्यावानी. आधी एक पाय टाकला, तर डोकं बाहेर. डोकं आत घेतलं, तर दुसरा पाय बाहेर. शेवटी मी कशीबशी पडली त्या सीटवर अन् दार ओढलं. निंघालो. हवा चांगली लागून राह्यली होती, बांधावरचे पळस फुललेले, मी म्हटलं चला, चौतीस वर्षांत एकदाची सीट भेटली... अन् तेवढ्यात, टुंग! टुंग! टुंग! समोर लाल लाइट! मी म्हटलं, हे काय वाजून राह्यलं? यायनं गाडी बाजूले घेतली, लिंबाच्या झाडाखाली उभी केली. अन् मी पाह्यलं तर हे वाकून, स्टेअरिंगले कान लावून आयकून राह्यले होते. एकतीस वर्षांचा कान!

मी म्हटलं, "अवो, काय झालं?"

म्हनतेत, "मले नाई समजत. यष्टीचं इंजिन मी आवाजावरून सांगत होतो कुठी दुखते. हिचं कायी समजत नाई." मंग म्हनतेत, "यष्टी बंद पडली तर भ्याव नव्हतं वाटत. लोकं बोंबलत, बोंबलू दे. डेपोत निरोप गेला का मेकॅनिक येनारच. मांगं डेपो होता. आता मांगं कोनी नाई, लिला."

लिला! तुमाले सांगते, चौतीस वर्षांत "अवं", "आयकतं का", "धम्मदीपाची माय" ह्याच्या पलीकडं या मानसाच्या तोंडून काई निंघालं नव्हतं. मले तवा उमजलं का याले वारंटी कायले पाह्यजे होती. इंजिनासाठी थोडी पाह्यजे होती!

मी फोन काढला, अनुपले लावला. "बापू, लाल लाइट लागला, टुंग टुंग वाजून राह्यलं!" पोरगं असं खूश झालं का जसं त्याले बक्षीस लागलं. "अरे वा काकू, बरं झालं आजच झालं! सहा वाजेपर्यंत टाइम हाये, लिंक पाठवू का?" मी म्हटलं, "पाठव! प्लॅटिनम पाठव! अजून वर काई असन तर थे बी पाठव!" थो म्हने, "पाठवतो. तवरक त्या लाइटचा एक फोटो टाका, कोनता हाये पाह्यतो." टाकला फोटो. इकडून टुंग टुंग चालूच. मंग तिकडून हळूच आवाज आला...

"काकू... दार नाई लागलं."

आमी दोघायनं खाली पाह्यलं. दारात माहा पदर! अर्धा आत, अर्धा बाहेर, अन् बाहेरचा अनसिंगपासून धूळ झाडत आलेला! सत्तावीस दिवस दार लावलं दौलतसिंगभाऊनं, आपटून आपटून, तर यायनं थो लाइट कधी पाह्यलाच नव्हता!

हे उतरले. गाडीले वळसा घालून माह्या बाजूले आले, दार उघडलं, पदर सोडवला, झटकला, माह्या हातात देल्ला अन् दार लावलं. टुंग टुंग बंद. अन् मंग हे जे हासले... सडकेच्या बाजूले कमरेवर हात ठेवून, डोळ्यातून पानी येईलोक. मी बी हासली. फोनवर अनुप बी हासून राह्यला, लिंक बी पाठवून राह्यला.

तेवढ्यात मांगून यष्टी आली अन् आमच्याजवळ उभी राह्यली. डायवर पवन, नवीन लागला तवा यायनंच त्याले रस्ता शिकवलेला. खिडकीतून डोकं काढून म्हने, "काका, ब्रेकडाउन?" अर्धी बस आमच्याकडं झुकलेली. हे म्हनतेत, "नाई रे बाबू. पदर." सारी बस हासली! पवन म्हने, "काका, कधी बी बंद पडली ना, तर फक्त उभे राह्यजा. दिवसभर आमच्याच गाड्या हायेत या रस्त्यानं. कोनी बी थांबन." अन् घंटी वाजली, गेली बस.

हे जाग्यावर उभे. बस वळनाआड जाईलोक पाह्यत राह्यले. मंग माह्या हातातून फोन घेतला अन् कसे म्हनले मालूम? "अनुप बापू, लिंक राहू दे. नाई घेत आपन." अन् फोन ठेवून देल्ला!

अन् मले इचारलं? एका शब्दानं? तीस दिवस तू सांग, तू सांग करून माहं डोकं खाल्लं, अन् येळेवर सोताच सांगून मोकळे! पन खरं सांगू का... मले असं हलकं वाटलं, असं हलकं वाटलं, का जशी डोक्यावरची मोळी कोनी उतरून घेतली. हात पाह्यले मी त्यायचे. स्टेअरिंग असं धरलेलं, एका हातानं, अन् मले म्हनतेत, "साठनं नेऊ का?" मी म्हटलं, न्या!

वाशीमले पोचलो तर हे खुशीत. म्हनतेत, "बोल, तुले काय पाह्यजे? मांग." आता असा मौका कोन सोडते? मी म्हटलं, घरघंटी. पिठाची. बारा वर्षांपासून माह्या मनात हाये. दुकानात गेलो, चांगली टंच पाहून घेतली. पन बाहेर आलो अन् डिक्की उघडली तर डिक्कीत जागा किती? एक टिफिन बसन, तोही भाजी पातळ नसन तर! मंग दोन हमालायनं छत उघडून थे घरघंटी माह्या सीटवर ठेवली. बेल्ट लावला. नवरीवानी बसली बाई, ताठ! हे म्हनतेत, "मी हळूहळू नेतो, धक्का नाई लागू देत." मी म्हटलं, न्या बापा सांभाळून...

अन् मी आली यष्टीनं. आमा बायायले अर्धं तिकीट हाये ना! खिडकीची जागा भेटली... पाय लांबवता आले, अजून काय पाह्यजे?