बाबांनी ऐकलेलं इंग्रजी

अकरावीच्या सुट्टीत मी भंडाऱ्याला एका वकीलबाईंकडे इंटर्नशिपला होते, तेव्हाची गंमत सांगते. बारावीनंतर कॉलेजला पाठवायला बाबा तयार नव्हते. ऑफिसात फोन इंग्रजीतच उचलायचा, असं मॅडमनी बजावलेलं. पहिलाच फोन आला आणि मी घोकलेलं वाक्य धडाधड म्हणून टाकलं.

"सॉरी म्याडम, राँग नंबर!" पलीकडून घाबरा आवाज आला आणि फोन कट.

परत वाजला, परत तेच. या वेळी मी आवाज ओळखला. "बाबा, ठेवू नका! मीच बोलून राहिली."

"तू होती? एवढं इंग्रजी?"

"हो. काहून फोन केला?"

"धान कापाले बोलवाचं होतं. राहू दे, आम्ही कापतो. तू कॉलेजची तयारी कर. अन् थांब, मायले फोन देतो, तिलेबी ते इंग्रजी आयकव!"