चौकोनी भांड्याच्या चोरीबाबत

नाव: ग्लेनिस मॉड गॅडस्बी. वय: ६३ वर्षे. धंदा: मेंढ्या व घरकाम, शिवाय बरांगली कृषी प्रदर्शन मंडळाच्या पाककला विभागाची कारभारीण (मानद, म्हणजे फुकट). राहणार: सॉपिट रोड, बरांगली, न्यू साउथ वेल्स.

मी आज बरांगली पोलीस चौकीत आपणहून हजर होऊन विचारलेवरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी माझे पती नेव्हिल यांचेसह राहते. प्रदर्शनाच्या दिवशी मैदानावर लाऊडस्पीकरवरून पुकारा करण्याचे काम ते करतात. सार्जंट हॉलोरन यांना मी त्यांच्या लहानपणापासून ओळखते. मी सांगेन तसंच लिहायचं, मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही, असं मी त्यांना बजावलं आहे.

चोरीस गेलेला माल: फ्रूटकेकचं चौकोनी भांडं, एक. आमच्याकडे स्पर्धेला सगळ्यांना एकच पाककृती असते, मंडळानं छापलेली. बेदाणे किती बारीक कापायचे तेसुद्धा ठरलेलं. मग फरक पडतो तो हातात आणि भांड्यात. बाजारच्या भांड्यांचे कोपरे गोलसर येतात. आमच्या भांड्याचे चारही कोपरे काटकोनात आहेत. सासूबाईंच्या वडिलांनी ते स्वतः पत्रा कापून, डाग देऊन बनवलं होतं. एका कोपऱ्याला पोचा आहे. कितीही कागद लावा, केकवर तो उमटतोच. सासूबाईंनी जाताना ते सख्ख्या लेकीला सोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ग्लेनिस, नवरा एक वेळ उसना दे, पण हे देऊ नकोस." त्या भांड्यानं आधी त्यांना आणि नंतर मला निळी फीत, म्हणजे पहिला नंबर, मिळवून दिली. यंदा मेंढ्या ट्रकमध्ये चढवताना फळीवरून पडून माझं मनगट मोडलं, म्हणून मी केक मांडला नाही, कारभार घेतला. भांडं शेडमध्ये खिळ्याला होतं.

संशयित: कोरीन ॲबरनेथी, विधवा, वय माझ्यापेक्षा कमी. समुद्रकाठच्या गावाहून इथे राहायला आली. दिसायला बरी आहे. बरी म्हणजे चांगलीच आहे, उगाच खोटं कशाला बोलू? गुरांच्या बाजारालासुद्धा लिपस्टिक लावून येते. तिच्या कुंपणाची तार दर आठवड्याला तुटते आणि बांधायला नेव्हिल जातो. आमच्या मागच्या दाराची कडी ईस्टरपासून लोंबतेय, त्या कडीकडे बघायला त्याला वेळ नाही. तुमच्या मनात तिच्याविषयी काही राग आहे का, असं सार्जंटनी विचारलं. काडीचाही नाही. मला फक्त आयत्या बिळावरचे नागोबा आवडत नाहीत.

आज सकाळी मंडपात केकचं परीक्षण सुरू झालं. परीक्षक मिसेस डार्व्हेल परगावच्या. केकवर फक्त नंबर असतो, नाव नसतं. कारभारणीनं सुरी पुसून द्यायची, शेरा लिहायचा आणि तोंड बंद ठेवायचं, हा नियम. सात नंबरचा केक त्यांनी उलटा केला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वा! काय कोपरे आहेत! असे कोपरे हल्ली बघायला मिळत नाहीत." मी बघितलं. एका कोपऱ्याला पोचा होता. माझ्या हातून सुरी पडली आणि तोंडून निघून गेलं, "हे माझ्या भांड्यातलं आहे!"

मिसेस डार्व्हेल यांनी चष्मा काढला. "बाई, कारभारणीनं आपल्याच विभागात केक मांडायचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायचं?" असं म्हणून त्यांनी सात नंबर बाद केला. केक माझा नाही, फक्त भांडं माझं, असं मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. नियम तोंड बंद ठेवायचा आहे आणि तो मी आधीच एकदा मोडला होता.

तिथून मी तडक रिंगणाशेजारच्या पुकाऱ्याच्या खोलीत वर चढून गेले. बाहेर लाकूडतोडीची स्पर्धा चालू होती. नेव्हिलच्या हातात माइक होता. मी म्हटलं, "नेव्ह, आईंचं भांडं चोरीला गेलंय. पुकारा कर."

तो म्हणाला, "चोरी कसली? मीच दिलं कोरीनला. तुझा हात मोडलाय, नुसतं लटकत होतं ते."

"मला विचारायचं तरी होतंस!"

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"जीव गेला तरी नसतं दिलं."

"मग? ग्लेन, इतकी वर्षं आपल्या घरात मी केक लांबूनच बघतोय. हात लावू नको, कोपरा मोडेल. खाऊ नको, परीक्षण व्हायचंय. तिनं पहिला केक भट्टीतून काढला, सरळ सुरीनं कापला आणि म्हणाली, 'बस, खा.' गरम गरम."

त्यावर मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर लक्षात आलं, बाहेर कुऱ्हाडींचा आवाज थांबला होता. माइक चालूच होता. मेंढ्यांच्या वाड्यापासून कोंबड्यांच्या मंडपापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. मी खाली उतरले तेव्हा चहाच्या टपरीवरच्या बायकांनी न मागता मला चहा आणि स्कोन दिला. खाली मान घालून दिला. त्यापेक्षा त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं संशयित बाई भांडं घेऊन मंडपात आली. डोळे लाल होते. म्हणाली, "ग्लेनिस, खरंच, मला वाटलं तूच पाठवलंस. तो तसंच म्हणाला. केक बाद झाला त्याचं मला काही नाही गं." मला "गं" म्हणणारी ही कोण? भांडं तिनं तारेच्या घासणीनं घासून लख्ख केलं होतं. सासूबाईंच्या हातची काळी झिलई पार गेली. तिला वाटलं उपकार केले! मी भांडं घेतलं आणि सरळ इकडे आले. तेच सोबत आणलं आहे, टेबलावर आहे.

सार्जंट म्हणाले, "मिसेस गॅडस्बी, भांडं तुमच्यासमोर आहे. नवऱ्यानं दिलं, ते अख्ख्या मैदानानं ऐकलं, मीसुद्धा ऐकलं. यात चोरी कुठं आहे?"

मी सांगते, चोरी आहे. मैदानात काय ऐकू आलं ते मैदानाचं. इथं लिहायचं की, शेडची कडी काढून त्या बाईनं भांडं नेलं, घरात कोणाला पत्ता नव्हता. सार्जंटनी पेन खाली ठेवलं. मी उचलून परत त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "अहो, तिच्यावर खटला नाही उभा राहायचा." नको उभा राहू दे. मला खटला नकोय. कागदावर लिहिलेलं हवंय, बस.

विचारलेवरून पुढे सांगते की, माझे पती नेव्हिल यांचेवर माझा कोणताही संशय नाही.

जबाब सार्जंटनी मला वाचून दाखवला. शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. बरोबर आहे.